नाव विणायचं हाय का?

‘पारंपरिक नक्षी, कारागीर अज्ञात.’ एवढंच वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

देशभरच्या विणकामावरचं ते जाडजूड पुस्तक मी हौसेनं विकत आणलं होतं. सोलापूरच्या पानावर एक चादर होती. समोरासमोर दोन मोर, मधे कमळ. ही नक्षी माझ्या वडिलांनी काढलेली आहे, आमच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. आणि हे पुस्तक छापलं जात होतं तेव्हा हा अज्ञात माणूस साखर पेठेतल्या घरात बशीतून चहा पीत होता. विचारायला कुणी आलं असतं तर त्यालाही दिला असता.

वडील चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे, कधी काम घरीही आणायचे. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडून ते मागावर चढवायचे. नवीन काही सुचावं म्हणून मालक रद्दीतून कलेची पुस्तकं आणायचा. पुस्तक आलं की पानं सुटी करायची आणि भिंतीवर जास्त मावावीत म्हणून चित्राखालची नावाची पट्टी कातरीनं उडवायची. लहानपणी मी एकदा तिथं विचारलं होतं, हे कुणी काढलंय? मालक म्हणाला, “नाव विणायचं हाय का आपल्याला?” सगळे हसले. वडीलही हसले.

बघून झालेली पानं वडील घरी आणून चिकटवायचे. त्यामुळे आमच्या भिंतींवर जगभरची चित्रं होती आणि चित्रकार एकही नव्हता. मला खरंच वाटायचं, चित्रं ज्वारीसारखी कुठंतरी पिकत असतील.

कॉलेजात गेल्यावर वाचनालयात मोठी पुस्तकं तिथंच बसून बघायला मिळायला लागली. एका पुस्तकात आमच्या न्हाणीघराच्या दारावरची बाई निघाली, पाठमोरी, शेजारी मांजर. खाली चित्रकाराचं नाव. पान उलटलं तर त्याचा फोटो, त्याचं गाव, धुणीभांडी करून त्याला वाढवणारी आई. मला रडू आलं आणि पाठोपाठ संताप आला. हा माणूस इतकी वर्षं आमच्या घरात होता आणि आम्ही त्याला कातरून टाकलं होतं. तेव्हापासून कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी नाव वाचते, मग चित्र बघते.

म्हणून तर तो ‘अज्ञात’ जास्त झोंबला. प्रकाशकांकडं फोन केला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “पण मॅडम, अशा नक्षीचा कुणी एक कर्ता नसतोच ना.” मी फोन आपटला आणि पुस्तक घेऊन वडिलांकडं गेले.

त्यांनी चहाची बशी बाजूला ठेवली, हात धुतले, पंच्याला पुसले, मग पुस्तक उघडलं. मोर बराच वेळ बघितले. “लई झ्याक छापलंय की!”

त्यांच्या त्या आनंदाचाही मला राग आला. “अण्णा, तुमचं नाव कुठंय यात?”

“नाव विणायचं हाय का?” असं म्हणून ते हसले. या वेळी त्यांच्याबरोबर हसायला कुणी नव्हतं.

मी पर्समधून पेन काढलं. त्यांनी माझं मनगटच धरलं. “एवढं चांगलं पुस्तक खराब करतीस व्हय?”

“मग तुम्ही लिहा.”

त्यांनी फळीवरची पेन्सिल घेतली, तिला टोक केलं आणि मोराच्या पायाशी आपलं नाव लिहिलं. अक्षरं इतकी बारीक, की एकेक अक्षर नक्षीच्या एका चौकोनात मावलं असतं.

“पेन्सिलीनं लिवलंय,” पुस्तक माझ्याकडं सरकवत ते म्हणाले. “कुणी काय म्हणलं तर खोडता येतंय.”

खोडता येतंय! ते बशी विसळायला आत गेले. मी पेन उघडलं आणि त्यांच्या अक्षरांवरून शाईनं गिरवायला लागले. पानाच्या मागं उमटायला लागलं, तरी दाबूनच गिरवलं.