कोड कुणी लिहायचा

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर माझा कोड गायब. धानाच्या पीक कापणी प्रयोगांवरून तालुक्याचं सरासरी उत्पादन काढायला मी खपून लिहिलेला. तो चालवायचं सॉफ्टवेअरसुद्धा नव्हतं. हे कुणी केलं असेल, ते मला लगेच कळलं.

गोंदियातल्या एका सरकारी कार्यालयात मी सांख्यिकी सहायक. पलीकडच्या खोलीत प्रोग्रामर बसायचा, जवळच्या कामठा गावचा. आमची कुरबूर जुनी. "मॅडमचा कोड म्हणजे खिचडी," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. मीही गप्प बसणारी नव्हते. त्याच्या प्रोग्रामने एकदा न आलेले आकडे शून्य धरले आणि सरासरी घसरली, तेव्हा मी साहेबांपुढे म्हटलं, "कोड देखणा आहे, फक्त उत्तर चुकतं." साहेब खो-खो हसले. तो हसला नाही.

त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. रागाच्या भरात माझ्या गावची, केशोरीची बोलीच तोंडून निघाली. "माझा कोड काऊन काढला?"

"साहेबाले विचारून काढला," तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला. "कोड लिहिणं आयटीचं काम."

"आणि आकडे समजणं कोणाचं?"

त्याने खुर्ची फिरवली. डोळे लाल होते. "मॅडम, तुमी तं परमनंट. तुमीच कोड लिहून राहिल्या तं माझं कंत्राट कायले वाढवतील? साहेबानं तोंडावर विचारलं मले, तुझी गरज काय म्हणून."

हा कंत्राटावर आहे हे मला ठाऊक होतं. पण आमच्या टोमण्यांवर त्याची नोकरी तोलली जात असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. साहेबांचं ते हसू आठवलं.

त्यानंतर आमचं ठरलं, मी सूत्रं कागदावर लिहून द्यायची, त्याने कोड लिहायचा. काम संथ चालायचं, पण उत्तरं बरोबर यायची. कधीकधी चहाही सोबत होऊ लागला.

मार्चअखेर त्याचं कंत्राट संपलं, ते वाढवलं नाहीच. वरच्या कार्यालयातून तयार सॉफ्टवेअर आलं. त्याच्या आत काय आहे, हे मलाही कोणी दाखवलं नाही.

आता तो स्टेशनजवळच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. परवा दिसला. मी थांबले. हाक मारणार, तोच गिऱ्हाईक आलं आणि त्याने मान खाली घालून फॉर्म भरायला घेतला.