काचेतले बाबा

ताई, तुझ्याबद्दल लिहायचं तर तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "माझ्यात काय मेलं लिहिण्यासारखं? त्यापेक्षा पडदे धुवायला टाक." म्हणून विचारत नाही. आणि तुला 'तू' म्हणत राहिले तर दर वाक्याला मध्ये बोलशील. तेव्हा इथून पुढे तू 'ती', आणि मी नुसती धाकटी.

तर, ती बाहुल्यांचे चेहरे रंगवायची. शहराच्या जुन्या भागातलं ते भलंमोठं दुकान, खाली अत्तरं आणि हातमोजे, वर कापड, भांडी, फर्निचर. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की रस्त्याकडच्या सर्वांत मोठ्या काचेमागे एक कुटुंब जेवायला बसायचं: आजोबा, आई, वडील, दोन मुलं. कागदाच्या लगद्याची, पण माणसाएवढी माणसं. टेबलाखाली मोटर. आई वाढायची, मुलं हात हलवायची, आजोबा मान डोलवायचे. पहिल्या संध्याकाळी पडदा सरकायचा तेव्हा फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसे.

अशा बाहुल्या इतर दुकानांतही होत्या. पण इथलं कुटुंब दर वर्षी एका वर्षाने मोठं व्हायचं. ही रीत तिने पाडली. उन्हाळ्यातच ती मुंडकी खाली उतरवून घ्यायची; कुठे एक सुरकुती, कुठे कानाजवळ पांढरा केस. लोक ते बरोबर हेरायचे.

"अगं बाई, पोरीला चष्मा लागला."

"लागणारच. बारा महिने काचेला डोळे लावून बसलीय."

आजोबांना चेहरा हवा होता तेव्हा तिने घरचाच घेतला. बाबा त्याच दुकानात लिफ्ट चालवायचे. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, "काका, आत्ता तुम्ही खाली काचेत होतात ना?" बाबा गंभीरपणे म्हणायचे, "हो, जेवून वर आलो." ड्युटी संपली की गणवेशातच बाहेर गर्दीत उभे राहून स्वतःला बघायचे आणि घरी येऊन कुरकुरायचे, "पोरी, यंदा जरा जास्तच म्हातारा केलास."

"आरसा बघा की."

"आरसा तुझ्यापेक्षा माणुसकीने वागतो."

एका वर्षी सुट्ट्या तोंडावर आल्या असताना तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, माणसं उतरली, नवी चढली, आणि बाबा स्टुलावरून हललेच नाहीत. डुलकी लागली असेल म्हणून कुणीतरी स्वतःच बटण दाबलं. तशी ती लिफ्ट आणखी काही फेऱ्या वरखाली करत राहिली.

सोडायची नोकरी, असं तिच्या मनात आलं नसेल असं नाही. पण धाकटी कॉलेजात होती आणि घर आता तिच्या एकटीच्या पगारावर होतं. ती कामावर गेली. टेबल मांडलं, सगळ्यांना बसवलं. आजोबांची खुर्ची रिकामी ठेवली, त्यांचं ताट पालथं घातलं. पडदा सरकला. गर्दीत कुणीतरी टोपी काढली. तिला वाटलं, झालं, बाबा आता नीट गेले.

सकाळी मॅनेजरने बोलावलं. "बाई, तुमचं दुःख मला कळतं. पण लोक इथे खरेदीला येतात, भेटायला नाही. मुलं रडत घरी गेली. संध्याकाळपर्यंत म्हातारा खुर्चीत हवा."

"साहेब, ते वारले."

"तुमचे वडील वारले. बाहुली कशी वारेल?"

तिने तळघरातून त्यांना वर आणलं. कॉलर सारखी केली, मानेच्या स्प्रिंगला तेल घातलं. संध्याकाळी बाबा काचेत मान डोलवत होते.

मग दर वर्षी तेच. बाकीचे म्हातारे होत गेले. बाबांच्या चेहऱ्याला तिने पुन्हा ब्रश लावला नाही. लोकांना उलट मजा वाटायची, "म्हातारा काय टिकलाय बघा." ती दर नव्या मॅनेजरकडे जाऊन सांगायची, आता आजोबांना उठवू या. मॅनेजर बदलले, उत्तर बदललं नाही. सुट्ट्यांच्या दिवसांत ती घरी टेबलाशी बसत नसे. ओट्याशी उभ्याउभ्या चार घास गिळायची.

"बस ना दोन मिनिटं," धाकटी म्हणायची.

"दिवसभर बसलेल्यांनाच बघते. पुरे."

एकदा आजोबांची मान अडकली म्हणून ती भर गर्दीच्या वेळी आत शिरली आणि काम झाल्यावर दम लागला म्हणून शेजारच्या स्टुलावर टेकली. बाहेर एक पोर काचेवर हात मारत म्हणालं, "यंदा आजीपण आली." गर्दीने टाळ्या वाजवल्या. ती हलली नाही. हलली असती तर कौतुक आणखी वाढलं असतं. तिने मान न वळवता बाबांकडे पाहिलं. ती आता त्यांच्याहून म्हातारी होती.

मॅनेजर खूश. "कल्पना झकास आहे बाई. पुढच्या वर्षी आजी कराच."

"बसवू कुठे? आजोबा उठले तर जागा होईल."

तो हसला. म्हातारा जागचा हलला नाही.

मग दुकानच बसलं. भांडी, काउंटर, लिफ्टची पितळी जाळीसुद्धा विकली गेली. बाहुल्यांना गिऱ्हाईक नव्हतं. त्या तळघरात ढकलून इमारतीला कुलूप लागलं. चौकीदार जुना, ओळखीचा. तो म्हणाला, शनिवारी सकाळी या, उघडून देतो.

"बाबांना तिथून काढायचंय," ती धाकटीला म्हणाली. "तू चल. मला एकटीला पेलायचे नाहीत."

"आणून करणार काय त्यांचं?"

"ते मी बघीन. आधी त्या खुर्चीतून तर उठवू."

"टॅक्सीवाला विचारेल."

"सांगायचं, वडील आहेत. कमी बोलतात."

त्यांना गुंडाळायला तिने कपाटातली चांगली चादर काढून ठेवली. बुधवारी ताप भरला. हॉस्पिटलात जाताना तिने फक्त बजावलं, शनिवार विसरू नकोस.

ताई, शनिवारी सकाळी ती चादर तुझ्यावर घातली. हाताशी तीच होती. त्या गडबडीत चौकीदाराला कळवायचं राहिलं. पुढे त्याचा निरोप आला: दार उघडून दुपारपर्यंत बसलो होतो, कुणी आलं नाही, सोमवारी नव्या मालकाने कुलूप बदललं.