एकोणऐंशी नंबरची वायर

मी या पेजवर दोन वर्षं नुसती वाचते आहे, कधी कमेंटसुद्धा केलेली नाही. आणि खरं सांगायचं तर इथले भुताखेतांचे बहुतेक अनुभव वाचून मला हसूच यायचं. माझं कामच असं आहे की मीटरवर दिसेल तेवढंच खरं. त्यामुळे हे लिहिताना विचित्र वाटतंय... पण लिहिते.

मी इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन आहे. राहते कोथरूडला, काम विश्रांतवाडीच्या पुढे एका खासगी वर्कशॉपमध्ये. सैन्याच्या गाड्यांमधली यंत्रणा आमच्याकडे दुरुस्तीला येते. मोठी पत्र्याची शेड, आत कायम डिझेल आणि सोल्डरचा वास. कंपनीचं नाव लिहीत नाही, का ते तुम्हाला कळेलच.

गेल्या थंडीतली गोष्ट. साखळ्यांवर चालणारी एक चिलखती गाडी तिसऱ्यांदा परत आली होती. तक्रार एकच – चालत्या गाडीत चालकाचा इंटरकॉम मध्येच बंद पडतो. आत इंजिनाचा आवाज इतका असतो की सगळे हेडसेटवरच बोलतात. चालकाला बाहेरचं फार थोडं दिसतं, वरून कमांडर सांगेल तशी तो गाडी वळवतो. त्याला 'थांब' ऐकूच आलं नाही तर काय होईल, याचा मी रात्रंदिवस विचार करत होते. कारण आधीच्या दोन्ही वेळा 'दोष आढळला नाही' लिहून खाली सही मीच केली होती. त्यात माझा प्रोबेशनचा शेवटचा महिना.

आमच्या सुपरवायझर आपटे मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. गरज पडत नाही.

"ही गाडी तुम्हाला भेटायला येते का हो?" त्यांनी सकाळी विचारलं. "नाही, तसं असेल तर सांगा, चहाची व्यवस्था करू. नसेल तर संध्याकाळपर्यंत दोष शोधा. नाहीतर तुमच्या जागी मला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल."

"हो मॅडम," मी म्हणाले. मी सहसा एवढंच म्हणते.

मदतीला शितोळे काका होते. बरीच वर्षं फौजेत काढलेले, आता मांजरी गावातली घरची शेती सांभाळून इथे येतात. ते खाली चालकाच्या सीटवर, मी वर कमांडरच्या. सकाळभर आम्ही एकमेकांना "ऐकू येतंय का?" विचारत होतो आणि दर वेळी येत होतं! एक वाजता काका म्हणाले, "बाळा, चल जेवून घेऊ. गाडी काय पळून जात नाय."

"तुम्ही व्हा पुढे."

मी हेडसेट न काढता तशीच बसून राहिले. मांडीवर वायरिंगचा नकाशा, त्यात शंभराच्या आसपास वायरी, प्रत्येकीला नंबर. रडू यायच्या बेतात होतं.

आणि कानात आवाज आला.

"ताई, एकोणऐंशी बघा की."

पुरुषाचा आवाज. शांत, जरासा कंटाळलेला – शेजारचा माणूस आपलं शब्दकोडं बघत असतो आणि शेवटी न राहवून उत्तर सांगतो ना, तसा. मला वाटलं, काका लवकर परतले. "ओके काका" म्हणून मी नकाशावर ८९ ला गोल केला. ती वायर उघडली, ओढली, वाकवली, हलवली. ठणठणीत!

काका रुमालाला हात पुसत आले, तेव्हा मी जवळजवळ तक्रारच केली. "काका, एटीनाईनमध्ये काही नाहीये."

"मग? हाय म्हणून कोण म्हणलं?"

"तुम्हीच ना! आत्ता हेडसेटवर. एकोणऐंशी बघा म्हणालात."

काका आधी हसायलाच लागले. "अगं, एकोणऐंशी म्हंजे सेव्हंटीनाईन! एटीनाईनला एकोणनव्वद म्हणत्यात. काय शिकवलं गं तुला शाळेत?"

मी इंग्लिश मीडियमची. कुणी मराठीत फोन नंबर सांगायला लागलं की मी मोबाईलच त्यांच्या हातात देते. 'ऐंशी' ऐकू आलं, म्हणून एटीच्या पुढचं काहीतरी असणार, असा माझा हिशोब.

हसू ओसरल्यावर काका म्हणाले, "पण बाळा, मी नाय बोललो. मी आत्ता येतोय कँटीनमधून. मॅडम समोरच बसल्या होत्या, विचार त्यांना." मग त्यांनी बोट दाखवलं. त्यांचा हेडसेट बाहेर माझ्या बेंचवर होता. वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

मी ७९ उघडली. वरून अगदी नवी. पण क्लॅम्पखाली जिथे ती वळते, तिथे अंगठ्याने दाबलं आणि तार सलग असल्याची मीटरची बीप थांबली. सोडलं, परत सुरू. आतली तार तुटलेली, वरचं आवरण शाबूत. हादरा बसला की टोकं सुटायची, गाडी थांबली की जुळायची. उभ्या गाडीत सापडणार कशी?

मी ओरडले. चक्क ओरडले! पलीकडच्या बेंचवरचे लोक काय झालं बघायला आले.

त्यानंतर मी सगळ्या शक्यता तपासल्या. रेडिओवरचं कुणाचं बोलणं शिरलं म्हणावं, तर रेडिओचा सेट काढून कपाटात ठेवलेला. गाडीत दुसरा हेडसेट नाही. राहता राहिलं माझं मन. पण माझं मन आकडे इंग्लिशमध्ये मोजतं. एकोणऐंशी म्हणजे किती हेच त्याला माहीत नव्हतं, मग ते बरोबर उत्तर सांगेल कसं? माझ्याकडे आजही याचं स्पष्टीकरण नाही. त्या संध्याकाळीही नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच ते द्यायची वेळ आली.

काकांनी गाडी शेडमागच्या खड्ड्यांमधून फिरवून आणली. मॅडम स्वतः वर बसून सूचना देत होत्या, काकांना एकूण एक शब्द ऐकू आला. खाली उतरून मॅडमनी दुरुस्तीचं शीट माझ्यापुढे ठेवलं. त्यात एक रकाना असतो – 'दोष कुणी शोधला'.

मी पेन धरून उभी.

"नाव विसरलात का स्वतःचं?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, शोधला मी... पण सांगितलं दुसऱ्याच कुणीतरी."

"कुणी?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी शांतपणे टोपी सारखी केली.

"लिही की तुझं," ते म्हणाले. "त्याला कुठं पर्मनंट व्हायचंय!"

मी माझं नाव लिहिलं. महिनाअखेर पत्रही मिळालं. तो रकाना मी खरा भरला की खोटा, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.