तंबूच्या कापडाचं छप्पर

लढाई संपल्यावर मिल्ट्रीचा उरलासुरला माल सांगलीच्या बाजारात आला, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझे धाकटे दीर ब्रह्मदेशातून परतले नव्हते. 'बेपत्ता' एवढाच कागद आला होता. ते परत यावेत म्हणून सासूबाईंनी औंधच्या यमाईला नवस बोलला होता, आणि एवढ्या लांबच्या वाटेसाठी बैलगाडीवर छप्पर हवं होतं.

जैन दुकानदारानं दोन कापडं पुढ्यात टाकली. एक मागावरचं कोरं, दुसरं पल्टणीच्या तंबूचं, वापरलेलं. दोन्हींवर त्यानं तांब्यानं पाणी ओतलं. कोऱ्यातून खाली थेंब गळू लागले. तंबूच्या कापडावर पाणी नुसतं थरथरत राहिलं.

"शिवण बगा, दुहेरी हाय," तो म्हणाला. "किमतीत फरक न्हाई. पर मावशी, ह्याला आदी कुनी धनी हुता."

मला कोरं हवं होतं. तंबूच्या कापडाला ओल्या मातीचा आणि आणखी कसलातरी गोडसर वास होता. सासूबाईंनी मात्र त्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. माझे मालक स्वतः पल्टणीत राहून आलेले. त्यांनी कापडाकडं न बघताच पैसे मोजले.

विटा गाव मागं टाकल्यावर भर दुपारी वळीव आला. बैल सोडून आम्ही तिघं छपराखाली बसलो. आत थेंब येत नव्हता. पाऊस थांबला, ऊन पडलं आणि मी वर पाहिलं. सगळं कापड भिजून काळपट झालं होतं. मधोमध तेवढी एक जागा कोरडी, फिकट. डोकं, खांदा, पोटाशी घेतलेले गुडघे. कुशीवर निजलेला माणूस.

"आवं, हे काय?"

"तेल सांडलं आसंल," मालक म्हणाले. पण त्यांची नजर वर जाईना. मग हळूच बोलले, "तिकडं मेलेल्यांस्नी ह्यातच गुंडाळायचे. म्याबी गुंडाळलीत."

सासूबाई त्या आकृतीच्या बरोबर खाली आडव्या झाल्या. तीच कूस, तसेच गुडघे. डोळे उघडे. ओठ हलत होते, मधेच थांबत होते, समोरचं कोणी बोलत असावं तसे. बैलांनी वैरण सोडून कान टवकारले. 

"आत्याबाई, कुनाशी बोलताय?"

"ह्यो आपला न्हाई गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाचा तरी हाय. लय तान लागलीया त्याला. आपल्या लेकरालाबी असंच कुनीतरी गुंडाळलं आसंल."

यमाईपुढं त्यांनी काहीच मागितलं नाही. परतताना सांगलीच्या घाटावर कृष्णेत उभं राहून त्यांनी ओंजळीनं दोनदा पाणी सोडलं. तोवर दिराचे दिवस घालायचं कोणी नुसतं सुचवलं तरी त्या अंगावर यायच्या. आता त्यांनी स्वतःच भटजींना विचारलं. कापड नदीत सोडलं. बुडण्याआधी ते बराच वेळ आडवं तरंगत राहिलं.

उघड्या गाडीत मालक पहिल्यांदाच लढाईतलं सांगू लागले. गाव येईपर्यंत ते थांबले नाहीत, आणि आम्ही दोघींनीही त्यांना थांबवलं नाही.