चिठ्ठ्या काढण्याआधी

जरा जवळ सरक गं पोरी, रागावायचंय तुला. माझ्या धाकट्या बहिणीची लेक तू, बहारीनला येऊन वर्ष झालं, तरी मावशीकडे पाहुणीसारखी येतेस. परवा तर फोन वाजला की बघायचीस आणि उलटा ठेवायचीस. बँकेचा होता ना? मला कसं कळलं ते सांगते. सांगताना माझी मान वर व्हायची नाही, तेवढं चालवून घे.

तुझ्या काकांची नोकरी गेली आणि घर माझ्या शाळेतल्या पगारावर आलं. खात्यातले पैसे संपले तरी कार्ड चालायचं. ओव्हरड्राफ्ट म्हणतात त्याला. पैसे बँकेचे, वर व्याज. मला ते आपलेच वाटायला लागले. त्यातूनच मी दर महिन्याची भिशी भरायचे, एकदाही न चुकता. बँकेचा फोन मात्र उचलत नव्हते.

शेवटी इथल्या नईम भागात एका हॉलमध्ये शुक्रवारी कर्जाबद्दल फुकट सल्ला देतात, तिथे गेले. समोर वसईची बाई, बँकेत नोकरी केलेली. सगळं ऐकून म्हणाली, "आंटी, भिशीतल्या बायका तोंडावर विचारतील, म्हणून त्या आधी आणि बँक मागे. असंच ना?"

मी मान डोलावली.

"तुमची भिशी उचलून झाली?"

"नाही अजून."

"मग अडचण सांगा आणि या महिन्याची मागून घ्या. त्यातून जमेल तेवढं फेडून ओव्हरड्राफ्ट बंद करू. उरलेल्याचा हप्ता बँकेशी बोलून ठरवू."

आमच्या भिशीत तशी रीतच आहे. चिठ्ठी काढण्याआधी कुणी अडचण बोलली, की भिशी तिला. पण आजवर मागितली ती एकीने लेकीच्या लग्नाला, एकीने ऑपरेशनला. मी काय सांगणार होते?

बुदैयाला एकीच्या घरी भिशीतल्या सगळ्या जमल्या. चिठ्ठ्यांचा डबा हलायला लागला तेव्हा मी म्हटलं, "थांबा गं." पुढचं सगळं सतरंजीकडे बघत बोलले.

जिचं घर ती म्हणाली, "एवढंच होय? आम्हाला वाटलं, नवऱ्याला सोडून निघालीस."

सगळ्या हसल्या. भिशी मला मिळाली, हप्ता ठरला, फोन थांबले. पण तेव्हापासून भिशीत वाढताना माझ्या ताटलीत एक वडा जास्तीचा पडतो. मायेनेच वाढतात गं. तो अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

तू इतकं ताणू नकोस. या शुक्रवारी मी येते तुझ्याबरोबर नईमला, तिथे आधी मीच बोलेन. त्याआधी अरादला माझ्या घरी ये, मुक्कामालाच ये. वाट बघते.