काकूंचा फौजदार

“झाकण? कुठलं झाकण म्हणालीस?” अश्विनीताईंनी विचारलं आणि माझ्या हातातली तिळगुळाची वाटी तशीच हातात राहिली, कारण बाकी सगळ्या अजून हसत होत्या आणि त्या एकट्या हसत नव्हत्या. इकडं इंग्लंडात, स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. माझी पिहू खुर्च्यांखाली घुसली होती, मी तिला ओढायचं निमित्त करून खाली वाकले आणि वाकूनच म्हटलं, “काही नाही हो ताई, सिरीयलमधलं.” “लाल झाकण का? कडेला चीर गेलेलं?” मी वर बघितलंच नाही. पिहूचा पाय हातात धरून बसून राहिले. अश्विनीताई म्हणजे काकूंची सून, संक्रांतीला म्हणून आलेल्या. आणि मी काकूंचं काय करून बसले ते मला तिथंच, त्या खुर्च्यांच्या पायांत बसून कळलं.

त्या काकू जाऊन आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द लिहा म्हणतात, ते लोक कसं चांगलं चांगलं लिहितात. माझं शिक्षण नववी, मी बोलते तसंच लिहिलंय. नावं बदललीत. तरी ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, ओळखू देत.

आम्ही काकूंच्या घरात वरच्या खोलीत राहतो. आमचे हे काकूंच्या मुलाच्या, म्हणजे नितीनदादांच्या कंपनीत कामाला, दुकानांतले मोठे फ्रीज दुरुस्त करतात, आणि आमचा व्हिसा त्यांच्याच कागदावर आहे, म्हणजे त्यांनी कागद काढून घेतला की आम्ही परत. नितीनदादा नि अश्विनीताई ब्रिस्टलला राहतात, काकू इथं एकट्या. मी आले तेव्हा पिहू चार महिन्यांची, मला इंग्लिश शून्य, दाराची बेल वाजली तरी मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहायचे. एकदा काकूंनी खालूनच हाक मारली, “कोमल, लपायचं झालं तर खाली ये, इथं टीव्ही तरी आहे.” तेव्हापासून रोज दुपारी दोनला मी पिहूला घेऊन खाली.

दोनला ती घोड्यांची सिरीयल लागायची. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची असेल, लाकडाचं गाव, धूळ, एक फौजदार आणि एक बाई. मला एक शब्द कळायचा नाही, मग काकू सांगायच्या. ती बाई खाणावळ चालवते, काकू म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, सगळे पितायत की हो. “पाणी पितायत. ऊन किती आहे बघ तिथं.” अशा. फौजदाराचा तिच्यावर जीव आहे नि तिचा त्याच्यावर, पण दोघं बोलत नाहीत. का बोलत नाहीत? “तिचं लग्न झालंय. नवरा चांगला आहे. सासू आहे.” मी म्हटलं, नवरा कधी दिसला नाही तो? “शिफ्टला गेलाय.” आणि सासू? “आत झोपलीय. तू मुकाट्यानं बघ.” मी मुकाट्यानं बघायचे. काय सांगू, इतकं छान सांगायच्या. ती बाई वीस वर्षांची असताना एक ट्रंक घेऊन लांबून आली, तिला तिथली भाषा येत नव्हती, बायका तिला हसायच्या, मग चहाच्या सुट्टीत फौजदार तिच्याजवळ येऊन बसायचा, आपल्या फ्लास्कच्या झाकणात तिला चहा ओतून द्यायचा आणि आदल्या दिवशी काय काय झालं ते सोपं सोपं करून सांगायचा, तशी तशी ती भाषा शिकली. एकदा मी विचारलंच, काकू, घोड्यावर फ्लास्क कुठून आला? “घोड्याच्या पिशवीत असतो.”

काकूंच्या टीव्हीवर, काकांच्या फोटोशेजारी, एक लाल झाकण होतं. फ्लास्क नव्हता, नुसतं झाकण. काकू ते रोज पुसायच्या.

आणि तीन वाजता, सिरीयल संपून ते गाणं लागलं की पॅसेजमधला घरचा फोन वाजायचा. दोन रिंग. मग बंद. काकू उचलायच्या नाहीत, उठायच्याही नाहीत, फक्त पदर नीट करायच्या, बाई घरात एकट्या, कोण बघणार होतं त्यांचा पदर... पहिल्यांदा मीच धावले होते उचलायला, तर ओरडल्या, “राहू दे! वाजू दे त्याला.” मग हळू म्हणाल्या, “उचलला की बोलावं लागतं.” पिहू बोलायला लागली तेव्हा आई-बाबांच्या आधी ट्रिंगट्रिंग म्हणायला शिकली. आणि एक दिवस त्या दोन रिंग झाल्यावर काकू खिडकीकडे बघून आपल्याशीच म्हणाल्या, “आज कार्डिफला पण पाऊस असेल.” तेवढ्यानंच मला कळलं. मी कमी शिकलेली आहे, बावळट नाही. काकू तरुणपणी इथल्या पॅकिंगच्या फॅक्टरीत लाइनवर होत्या हे मला माहीत होतं. मशीन बिघडलं की दुरुस्त करायला फिटर येतो हे पण मला माहीत होतं, माझा नवरा तेच करतो. चहाची सुट्टी फौजदाराला नसते, फॅक्टरीत असते.

म्हणजे बघा, मला माहीत होतं. हेच मला सांगायचंय. घरी मी ह्यांना सांगितलं की मला वाटलं ती सिरीयलच आहे, मी आपली गोष्ट सांगितली, मला काय ठाऊक. ते खोटं आहे. त्या हॉलमध्ये सगळ्या पुण्या-मुंबईच्या, ऑफिसला जाणाऱ्या, मॉर्गेज नि स्कूल ॲडमिशन असलं बोलणाऱ्या. मी दोन वर्षं त्यांच्यात जातेय, मला कोणी विचारायचं ते फक्त, “अगं, जरा कप गोळा करतेस?” त्या दिवशी कोणीतरी म्हणालं, कोमल, तू दिवसभर घरात करतेस तरी काय? मी म्हटलं, मी नि काकू काऊबॉय बघतो. त्या हसल्या. मग मी नक्कल केली, सासू आत झोपलीय, घोड्याच्या पिशवीत फ्लास्क, तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी, एकीनं माझ्या पाठीवर थाप मारली, “काय सॉलिड आहेस गं तू!” मला आयुष्यात कोणी सॉलिड म्हटलं नव्हतं. तिथंच थांबायचं ना? मी थांबले नाही. मी म्हटलं, “आणि ते झाकण अजून आहे बरं का टीव्हीवर, आणि फौजदार रोज तीनला फोन करतो, मला तर वाटतं ही आमच्या काकूंचीच गोष्ट आहे!” हे शेवटचं वाक्य. ते मी हसवायला म्हटलं. अश्विनीताई माझ्या मागं उभ्या आहेत हे मला माहीत नव्हतं हे खरं, पण माहीत असतं तर थांबले असते का... देवाला माहीत.

दोन दिवसांनी नितीनदादा आले. ते इथंच जन्मलेले, मराठी मोडकं, रागात तर अजूनच. मी जिन्यावर पिहूला धरून बसले होते, खालून सगळं ऐकू येत होतं. “डॅड असताना? डॅड असताना पण होता तो?” काकूंचा आवाज नेहमीसारखाच. “बाबा असताना फक्त चहा. फोन आता, तीन-चार वर्षं झाली. बोलत पण नाही आम्ही.” “मग फोन कशाला करते तो?” काकू म्हणाल्या, “मी सिरीयल बघितली, तू बघितलीस ना, एवढं विचारायला.” मग नितीनदादांचं इंग्लिश सुरू झालं, ते मला कळलं नाही.

आठवड्यात काकूंना ब्रिस्टलला न्यायचं ठरलं. एकट्या राहायचं वय नाही, असं कारण सांगितलं, ते पण खोटं नव्हतं, ब्याऐंशीच्या होत्या. निघायच्या दिवशी मी त्यांची बॅग भरत होते, वर बघायची हिंमत नव्हती. मला वाटलं आता बोलतील, एक थोबाडीत मारतील, मारायला हवी होती. त्यांनी लाल झाकण उचललं, पिहूच्या हातात दिलं, “हिला पाणी प्यायला होईल,” आणि मला म्हणाल्या, “गोष्ट छान सांगितलीस म्हणे. हसल्या का गं सगळ्या?” टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, हो काकू. “मग बरं,” म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

जाताना नितीनदादांनी ह्यांना सांगितलं, “आता माझा आई तिकडे राहणार. तो फोन उचलायची नाही. कोणाला काय सांगायची नाही. इट्स प्रायव्हेट, ओके?” मग आमचे हे माझ्याकडे बघून म्हणाले, “ऐकलंस? आपला कागद त्यांच्याकडं आहे. एवढं तोंड उघडलंस ते पुरे झालं.”

आणि फोन वाजतच राहिला. काकू नाहीत, टीव्ही बंद, तरी रोज तीनला दोन रिंग. पिहू धावत जायची, ट्रिंगट्रिंग, काकू ट्रिंगट्रिंग. मी पॅसेजमध्ये उभी राहायचे, हात पुढं व्हायचा नाही. उचलून म्हणणार तरी काय, मला वाक्य येत नाही, आणि आलं तरी... अकराव्या दिवशी मी भिंतीतून वायर उपटली. नितीनदादांनी सांगितलं नव्हतं, ह्यांनी पण नाही. मीच. मला ते ऐकवेना.

मग एप्रिलमध्ये एकदा माझ्या मोबाइलवर ब्रिस्टलहून फोन आला, काकूंचा. आवाज बारीक झालेला. पिहू कशी आहे, दात आले का सगळे, असं विचारलं. तिकडे ते चॅनल लागत नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, “कोमल, वाजतो का गं अजून?” मला एक शब्द बोलायचा होता. हो. नाहीतर एवढंच सांगायचं होतं की मी वायर काढलीय. पण मागं अश्विनीताईंचा आवाज येत होता, नि मला वाटलं फोन स्पीकरवर असेल, नि आमचा कागद, नि पिहू... मी म्हटलं, “नाही काकू. बंद झाला वाजायचा.” “अच्छा,” म्हणाल्या. “त्याचं पण वय झालंय म्हणा.” आणि पिहूला भिजू देऊ नकोस म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. जूनमध्ये हे कामावरून भर दुपारी घरी आले, डोक्यावरची टोपी हातात, तेव्हाच मला कळलं. अंत्यसंस्काराला आम्हाला बोलावलं नव्हतं, लिंक पाठवली होती. मी मोबाइलवर बघितलं, एवढीशी पेटी, एवढीशी फुलं, नितीनदादा उभं राहून काहीतरी बोलले आणि मध्येच थांबून रडले, तेव्हा मला त्यांचा रागच येईना. राग माझाच आला. काकू गेल्या त्या असं समजून गेल्या की तो माणूस एकतर गेला, नाहीतर विसरला. आणि तो तर विसरला नव्हता.

मी आता चिल्ड्रन्स सेंटरमध्ये इंग्लिशच्या क्लासला जाते. आणि दुपारी ती सिरीयल लावते, खाली अक्षरं येतात ती वाचत वाचत. त्या बाईला नवरा नाही. सासू नाही. ट्रंक नाही, चहा तर कोणी पीतच नाही. फौजदार येतो, दारात उभा राहतो, टोपी काढतो, काहीतरी भलतंच बोलतो आणि जातो. काकूंनी एवढंच फक्त खरं सांगितलं होतं, की ते बोलत नाहीत.

परवा मी वायर परत भिंतीत लावली. का लावली विचारू नका. सिरीयल संपली, ते गाणं लागलं... आणि फोन वाजला. दोन रिंग. बंद. मग माझ्या लक्षात आलं, वायर काढली काय नि काकू गेल्या काय, त्या फौजदारांच्या कानाला तर तिकडं बेल वाजतेच ना. ते कधी तिसऱ्या रिंगची वाटच बघत नाहीत. म्हणजे इतके महिने कार्डिफला तो माणूस रोज दोन रिंग देतोय आणि समाधानानं फोन ठेवतोय की ती आहे, तिनं बघितलं. क्लासमधल्या बाईंनी शिकवलंय, एक-चार-सात-एक फिरवलं की शेवटचा नंबर सांगतात. मी फिरवला. नंबर पिहूच्या रंगवायच्या वहीत घोड्याच्या चित्राखाली लिहून ठेवलाय. नाव नाही. त्यांचं नाव मला माहीत नाही, मी त्यांना फौजदारच म्हणते.

महिनाअखेरीला घर विकायला लागणार, हा फोन कंपनी कापणार. मग एक दिवस तीन वाजता त्यांना बेल ऐकू येणार नाही, एक मशीनची बाई सांगेल की हा नंबर चालू नाही. तेव्हा त्यांना कळेलच, पण असं कळेल. मी आधी सांगू शकते. वाक्य मी क्लासमध्ये पाठ केलंय. शी डाइड. शी वॉचड. आय ॲम सॉरी. पण ते विचारतील, कधी, कशी, ती माझ्याबद्दल काही म्हणाली का, आणि मग मला काकूंचं ते “त्याचं पण वय झालंय” सांगावं लागेल, म्हणजे माझं खोटं सांगावं लागेल. नाहीतर न सांगता उरलेले आठ दिवस त्यांना दोन रिंग देऊ देत... आणि नितीनदादांना कळलं तर आमचा कागद.

आत्ता पावणेतीन झालेत. पिहू फोनखाली बसलीय, त्या लाल झाकणातून दूध पितेय, चिरेतून गळतंय सगळं फ्रॉकवर, आणि मला बोटानं गप्प बस म्हणतेय, काकू करायच्या तसं. तुम्ही माझ्या जागी असता तर ह्या फोनशी काय केलं असतंत? उचलला असतात?