पांढरा पडलेला चुना

दादाने परदेशातून पाण्याखाली श्वास घ्यायचं जुनं यंत्र, रिब्रीदर, मागवलं, त्या पैशांत एक रिक्षा आली असती. पाण्याखाली फोटो काढायचं त्याचं वेड जुनंच. साध्या सिलिंडरवर सोडलेला प्रत्येक श्वास बुडबुडे होऊन वाया जातो, मग सिलिंडर भरायला मुंबई गाठा. हे यंत्र सोडलेलाच श्वास चुन्याच्या दाण्यांतून गाळून परत देतं, ऑक्सिजनची एवढीशी बाटली कितीतरी वेळ पुरते. "दोन वर्षांत किंमत वसूल!" म्हणून मिरवायचा नुसता.

तसाच चुना आमच्याकडे भुलीच्या मशीनला लागतो. मी पनवेलला ऑपरेशन थिएटरात नर्स. डबा मीच मिळवून दिला होता.

त्या दुपारी वहिनीचा फोन आला. "ताई, ह्यांनी आता चुन्याचेही पैसे वाचवले! कालचा वापरून जांभळा पडलेला गच्चीवर वाळवला, पांढराशुभ्र झाला बघा. तोच यंत्रात भरून कोन गावच्या खाणीच्या पाण्यात बुडी मारायला गेलेत."

वापरलेला चुना नुसता पडून राहिला तरी पुन्हा पांढरा दिसतो. दिसतो फक्त! सोडलेल्या श्वासातली घाण शोषायची ताकद संपलेली असते, आणि माणूस स्वतःच्याच श्वासाने गुंगत जातो.

ड्यूटी टाकून रिक्षा पकडली. खाणीच्या काठावर त्याचा मित्र दोरीचं टोक धरून निवांत बसला होता.

"दादा कुठंय?"

"खाली हाय की. मजेत हाय."

मजेत म्हणे! हिरवं पाणी ढिम्म हलत नव्हतं. ह्या यंत्राचे बुडबुडेच येत नाहीत. साधा सिलिंडर असता तर खालचा माणूस श्वास घेतोय एवढं तरी वरून कळलं असतं.

मित्राने दोरीला झटके दिले. उत्तर नाही. पुन्हा दिले. नाही.

"बघतोस काय मेल्या, ओढ!"

दोघांनी ओढलं. माझे तळहात सोलून निघाले. त्या वेळी देवालासुद्धा मी शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू?

वर आला तेव्हा डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हता. काठावर भडाभडा ओकला, मग डोकं धरून बसला. जरा शुद्धीवर येतोय असं दिसताच मी फाडकन त्याच्या मुस्कटात ठेवून दिली. मोठ्या भावाच्या.

"अक्कल गहाण टाकलीस का? वापरलेला चुना भरतोस?"

"तूच म्हणालीस ना," त्याची जीभ अजून जड होती, "जांभळा दिसला की फेकायचा. पांढरा होता गं."

म्हणाले होते. डबा देताना, घाईघाईत, तेवढंच म्हणाले होते.